शेगडीवरची पापलेटं

नवरा हेरंब जाऊन तीन महिने झाले होते, आणि तेव्हापासून हेमलताच्या दिल्लीतल्या, द्वारका भागातल्या घरात मासा आला नव्हता. सुरुवातीला तिलाच घास जात नसे. मग एप्रिलअखेर तिची मोठी नणंद इंदुमतीबाई कुडाळहून सोबतीला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "वर्षश्राद्धापर्यंत तर नाहीच. पुढंही सोडलंस तर बरं. आपल्या घरात तशीच रीत आहे."

इंदुमतीबाई अडतिसाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. त्यानंतर छत्तीस वर्षं त्यांनी माशाला हात लावला नव्हता. त्यांच्यापुढं काय बोलणार?

मे महिन्यात तळमजल्यावरच्या तिच्या छोट्याशा बागेत वांगी धरली. मिरच्या होत्या, शेवटचे टोमॅटो होते. सकाळी सातनंतर बाहेर उभं राहवत नसे, म्हणून ती सहालाच पाणी घाली. एका शनिवारी वांगी तोडता तोडता तिला सडकून भूक लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. आणि ती वांग्याच्या भाजीची नव्हती.

रविवारी सकाळी ती मेट्रोनं आयएनए मार्केटला गेली.

"पीस कर दूं, आंटीजी?" मासेवाल्यानं विचारलं.

"नहीं. साफ करके बस चीरे लगा दो. तीनों को."

दुपारी तिनं पापलेटांना हळद, मीठ, लसूण आणि कोकमाचं आगळ चोळलं. इंदुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मृणाल येतेय, तिच्यासाठी. तिसरं तुम्हाला हवं असेल तर."

"हेमलता, तीन महिने झालेत फक्त."

"मला माहीत आहे वन्सं. दिवस मीच मोजतेय." तिनं हात धुतले. "ह्यांचं आजारपण मी दोन वर्षं काढलं. अंघोळ घातली, भरवलं. कंटाळा केला नाही. आता मी काय खाते त्यावरून माझं दुःख कुणी मोजू नये."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं का, सोडायचंय की नाही म्हणून?"

इंदुमतीबाई आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. हेमलताला वाटलं, आपण फार बोललो. पण पापलेटं भाजायचा बेत तिनं सोडला नाही.

ऊन उतरल्यावर तिनं बागेत कोळशाची शेगडी पेटवली. जाळीवर एका बाजूला पापलेटं, दुसऱ्या बाजूला उभी चिरलेली वांगी, अख्खे टोमॅटो, मिरच्या. गुरुग्रामच्या ऑफिसात नोकरी करणारी तिची मुलगी मृणाल तेवढ्यात आली. आई शेगडीपुढं बसून मासे उलटतेय, हे पाहून ती दारातच थबकली. मग तिनं फोटो काढला आणि आनंदाच्या भरात घरच्या ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत मृणालच्या मोबाइलवर कुडाळहून भाऊसाहेबांचा, हेमलताच्या चुलत दिरांचा, फोन आला. मृणालचा चेहरा उतरला. "सॉरी यार आई, मी डिलीट करते."

"राहू दे," हेमलता म्हणाली आणि तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, हे शोभतं का? वर्षश्राद्धाला आमच्यातलं कुणी येणार नाही अशानं."

"नका येऊ भाऊजी. श्राद्ध मी करीनच. जे येतील ते जेवतील."

"इंदूताई कुठाय? तिला द्या. मोठ्या माणसासमोर हे चाललंय?"

इंदुमतीबाई केव्हा बाहेर येऊन पायरीवर बसल्या होत्या, कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. हेमलतानं फोन दिला आणि ती शेगडीकडं वळली. आता काय ऐकावं लागणार, या विचारात तिनं वांगी उलटली.

"हो, इथंच आहे मी," इंदुमतीबाई म्हणाल्या. "माझ्यासमोरच भाजले. नाही, मी खाल्ले नाहीत. मला आता घशाखाली जायचेही नाहीत. पण तेव्हा मी लहान होते रे. अडतीस म्हणजे काय वय? मला खायचे होते. तूच माझ्यापुढचं पान उचललं होतंस. हिच्या पानाला हात लावायचा नाही."

त्यांनी फोन बंद केला आणि मृणालला परत दिला.

हेमलतानं जाळीवरचं एक वांगं उचलून वन्संपुढं धरलं. "माशाच्या शेजारचं आहे," तिनं आधीच सांगितलं.

"नको. माझा दहीभात कालवलेला आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तू बस. गार होतंय."

हेमलता पायरीवर त्यांच्या शेजारीच बसली. तिनं काटा बाजूला केला, तुकडा मोडला आणि जेवायला सुरुवात केली.