कोरडा पाग

मुरारीनं त्या पावसाळ्यात पिंपरीच्या चाळीत बसून पाग विणायला घेतला, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पाग म्हणजे एकट्यानं फेकायचं गोल जाळं, काठाला शिशाच्या गोळ्या लावलेलं. शिफ्ट सुटली की हा दाराशी बसायचा, आणि गाठ मारली की दोन बोटं घालून जाळ्याचा डोळा मोजायचा. डोळा लहान झाला की गाठ सोडायची आणि पुन्हा मारायची.

"अरं, मासं काय बोटं मोजून येत्यात व्हय?" मी म्हणालो.

"गावचा कायदा हाय, तात्याबा. दोन बोटांपेक्षा बारीक डोळा असला तर काका खाडीत उतरू देणार नाय. पिल्लं सुटली पायजेत."

मी कुरुळीचा. औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघं बाटल्या धुवायच्या खात्यात होतो. मी रोज सायकलीनं घरी जायचो आणि हा खोलीत एकटा राहायचा. त्याचं गाव कुलाबा जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. तिथं त्याची आई सगुणाबाई एकटी होती. मला समुद्र बघायचा होता, म्हणून नारळी पौर्णिमेला मी त्याच्याबरोबर जायचं ठरवलं. आमची कारभारीण यशोदा तणतणली, "श्रावणात मासं धरायला निघालाय, काही वाटतं का?" मी म्हणालो, धरणार आहे, खाणार आहे असं कुठं म्हणालो? तिचा विश्वास बसला नाही, आणि तिचंच बरोबर होतं.

जायचं म्हणजे काय, तर मुरारीकडून रोज एकेक कायदा ऐकायचा. पावसाळ्यात खाडी बंद. पौर्णिमेला नारळ सोडला की उघडते. गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, मासळी लागली तर परत पाण्यात. गावच्या घराला दिवसाला एक पाटी, त्यावर एक मासा नाही. पाहुण्याला पाग नाही, नुसता गळ, आणि एका वेळच्या कालवणापुरतंच धरायचं.

"म्हणजे तू पाग टाकणार आणि मी काठावर गळ धरून बसणार?"

"तू पाहुणा ना, राव!" तो खूश होऊन हसला. असा हसलेला मी त्याला कारखान्यात कधी पाहिला नव्हता.

पण एक कायदा त्यानं सगळ्यात शेवटी सांगितला, तोही जाळ्यावरची नजर न काढता. ज्या घराच्या पुरुषानं ओळीनं तीन वर्षं स्वतःच्या हातानं नारळ सोडला नाही, त्या घराचा पाग बंद. घर उपाशी राहत नाही. गाव रोजचं कालवण पोचवतं. पण खाडीत त्या घराचा वाटा राहत नाही. मुरारीचे वडील वारले होते, आणि पिंपरीला आल्यापासून त्याचे दोन नारळ चुकले होते. हा तिसरा. तेव्हा मला कळलं, एवढा पाग कशासाठी चाललाय ते.

कारखान्यातल्या क्यालेंडरावर पौर्णिमा बुधवारी होती. त्यानं महिनाभर आधी बुधवारची रजा मागून ठेवली. मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर आम्ही पुण्याहून एस्टी धरली. त्याच्या पिशवीत सोनेरी कागद लावलेला नारळ आणि मांडीवर पाग. घाटात मी खिडकीतून पाहिलं, तर चांद गोल गरगरीत.

"मुरारी, पुनव आजच दिसतीया रं."

"उद्या हाय," तो म्हणाला. "क्यालेंडर बघितलंय मी." आणि त्यानं डोळे मिटले. मला मेल्याला आदल्या दिवशीचा चांद आणि पुनवेचा चांद सारखाच दिसतो.

सकाळी गावात पोचलो, तर होड्या केव्हाच पाण्यावर गेलेल्या. किनाऱ्याच्या चिखलात झेंडूच्या पाकळ्या आणि दोनतीन नारळ परत लागलेले. मुरारी जागच्या जागी थांबला. मला तरी तेव्हा काही उमगलं नाही.

त्याचे काका दत्तोबा कोळीवाड्याचे पाटील होते. ते जाळं झटकत होते. मुरारी त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, नारळ?"

"काल सोडले. दुपारच्या भरतीला पुनव लागली होती."

"क्यालेंडरावर आज हाय."

"खाडीला क्यालेंडर कोणी लावलं, पोरा?" काका रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "तुझा बाप आभाळाकडं बघून सांगायचा. तुझी आय काल भरती उतरेपर्यंत उभी होती इथं. मी पण तुझीच वाट बघून सगळ्यात शेवटी नारळ सोडला."

मला राग आला. मी मध्ये पडलो. "पाटील, एका दिवसाचाच तर फरक. पोरानं सबंध पावसाळा पाग विणलाय, दोन बोटं मोजून!"

काकांनी पाग हातात घेतला, डोळ्यात बोटं घालून पाहिली, आणि म्हणाले, "ब्येस विणलाय." मग घरात जाऊन गळ घेऊन आले. दोन गळ. एक माझ्या हातात दिला, दुसरा मुरारीच्या.

आम्ही दोघं धक्क्यावर शेजारी शेजारी बसलो, एका वेळच्या कालवणापुरते मासे धरले आणि उठलो. एक गाभोळीची बोयट लागली होती, ती त्यानं हलक्या हातानं सोडवून पाण्यात सोडली. नारळाचं त्यानं काय केलं, ते मी विचारलं नाही.

सगुणाबाईंनी कालवण केलं. मी श्रावण विसरून जेवलो. त्यांनी कालच्या दिवसाचा एक शब्द काढला नाही. लेकाच्या ताटात भात वाढत राहिल्या, पिंपरीला पाणी चांगलं आहे का विचारत राहिल्या. मला वाटलं, आई आहे, तिनं मनातून काढून टाकलं असेल.

निघताना मुरारीनं पाग भिंतीवरच्या खुंटीला टांगला. वडिलांचा पाग तिथंच असायचा, तो मला म्हणाला होता.

सगुणाबाईंनी तो काढला, नीट घडी केली आणि त्याच्या हातात दिला.

"हितं नको ठेवू, बाळा. दारावरनं जाणाऱ्याला वाटंल, घरात कोणी हाय."

एस्टीत त्यानं पाग मांडीवर घेतला. पेण येईपर्यंत त्याची बोटं जाळ्याच्या डोळ्यांतून फिरत होती. चाळीत गेल्यावर वाळत घालायचीही गरज नव्हती.