पाचवा डोळा

मल्लम्माचा मुलगा राजशेखर सहा वर्षांनी मेक्सिकोहून उदगीरला आला, सोबत बायको शिवकन्या आणि तिकडेच जन्मलेली लेक शिवानी. सामानात आडव्या-उभ्या काड्यांवर रंगीत लोकर विणून केलेली एक वस्तू होती. मधोमध चौकोनी डोळा, तीन टोकांना तीन, चौथं टोक रिकामं. ही पोरीची दृष्ट ओढून घ्यायची वस्तू, असं मल्लम्मानं परस्पर ठरवून टाकलं. कुणाला विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं.

शिवानी दोन घास खाऊन ताट सरकवू लागली, तशी मल्लम्मानं तिन्हीसांजेला मीठ-मिरच्यांबरोबर तो लोकरीचा डोळाही तिच्यावरून उतरवला, तिठ्यावर ठेवला आणि मागे न बघता घरी आली. मागे वळलं की उतरवलेलं सगळं लेकराकडे परत येतं, हे तिला आईनं शिकवलं होतं.

सकाळी शिवानीचा चौथा वाढदिवस. राजशेखर लोकर घेऊन बसला.

"अव्वा, पोरीचा डोळा कुठं हाय?"

मल्लम्मानं मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. शिवानीनं भोकाड पसरलं.

"तिकडं विचोल म्हणून आदिवासी लोक हायत, अव्वा," राजशेखर हळूच म्हणाला. "लेकराचा बाप दरसाल एक डोळा विणतो, पाच डोळे होईस्तोवर. त्यातून देव लेकराकडं बघतो म्हणतात. मधला डोळा ही जन्मली तवाचा. त्यांच्या भगतानं गाणी म्हणून दिलेला."

मल्लम्मा उठून दाराशी आली. राजशेखर चपला घालू लागला.

"तू न्हाई जायाचं," ती म्हणाली. "तू बाप हाय तिचा."

डोक्यावर पदर घेऊन ती भर उन्हात निघाली. तिठ्यावर एक शेळी मिरच्या हुंगत होती. डोळा धुळीत पडला होता. मल्लम्माला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी ती वाकली.

"काय यायचं ते माझ्यावर येऊ दे," म्हणत तिनं तो उचलला.

राजशेखरनं धूळ झटकली आणि चौथ्या टोकावर लोकर चढवायला घेतली. शिवानी आजीच्या मांडीत बसून लोकरीचा गुंडा धरून होती. मल्लम्मा मात्र काय होतंय याची वाट बघत होती. शेवटचा वेढा पडत होता, तेवढ्यात तिला शिंका आल्या, एकामागून एक, पदर तोंडावर धरावा लागला. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"आलं बघा माझ्याकडं," मल्लम्मा समाधानानं म्हणाली. "पोरगी सुटली."