टेबलावरची रिझर्व्हड पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे. माझ्यावर एकच इंग्रजी शब्द कोरलेला आहे, 'रिझर्व्हड'. मित्रांनो, त्याचा अर्थ साधा आहे: ही जागा कुणासाठी तरी राखून ठेवली आहे, तो माणूस येणार आहे.

मला घासूनपुसून लख्ख ठेवणारे वेटरकाका हा अर्थ जाणत. कुणी फोनवर टेबल सांगितलं की ते मला त्यावर ठेवत आणि पाहुणे आले की हसत उचलून नेत. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू!

मग काकांचे गुडघे कुरकुरू लागले आणि मालकाने त्यांना घरी बसवलं. नव्या वेटरला त्याने पढवलं, "गिऱ्हाइकाच्या चपला बघायच्या. झिजलेल्या दिसल्या की पाटी ठेवायची." मी रिकाम्या टेबलांवर खोटं बोलू लागले. एके दुपारी काकाच बायकोला घेऊन जेवायला आले. मालकाने मला त्यांच्यासमोर आदळलं. काका काकूंना म्हणाले, "चल, आज गर्दी आहे." हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं, या मालकाला याच शब्दाने रडवायचं.

मालकाच्या मोठ्या भावाने कित्येक वर्षं अबोला धरला होता. एकदा त्याचा फोन आला, "जेवायला येतो. झालं गेलं विसरू." मालक हरखला. त्याने मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, कधी नव्हे ते खऱ्या अर्थाने, आणि दादाच्या आवडीची भाजी स्वतः करायला आत गेला.

दादा आला. पायांत झिजलेल्या चपला. तो खुर्ची ओढतोय तोच नवा वेटर धावला.

"ओ आजोबा, उठा! रिझर्व्हड आहे."

"कुणासाठी?"

"मोठ्या माणसांसाठी."

"मालकाने सांगितलंय असं?"

"मग काय, मी माझ्या मनाचं सांगतोय?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याचसाठी तिथे होते. मला वाचा नाही. पण असती, तरी मी तोंड उघडलं नसतं. तो निघून गेला.

मालक वाफाळती भाजी घेऊन बाहेर आला. "दादा आला नाही अजून?"

"नाही, शेठ. एक म्हातारा बसत होता. चपला बघितल्या, हाकलला."

मालक तसाच रस्त्यावर धावला. परतला तेव्हा रडत होता. मी डोळे भरून पाहून घेतलं.

आता तोच मला रोज घासतो आणि त्या टेबलावर ठेवतो. दादा येत नाही. शब्दांना जपा, मित्रांनो. माझ्यावरच्यासारखा एखादा शब्द डूख धरतो, आणि मग माफ करत नाही.