वरच्या कोंडीपर्यंत

"ही बालदी पुन्हा माझ्या पायाशी? डिकीत काय सोनं भरलंय?"

"डिकीत बर्फाची पेटी आहे. आणि गऱ्या आहेत."

"मग मलाच बसवा पेटीवर, आणि बालदीला द्या सीट! नाहीतरी माझ्यापेक्षा तिचीच काळजी जास्त."

मित्रांनो, ही बोलणी सुगंधाताईंची, आणि ज्या बालदीपायी ती झाली ती मी. आता जुनी झाले आहे. अंगाला मासळीचा वास आहे, हे मी नाकारत नाही. पण दर शुक्रवारी सकाळी आखातातल्या आमच्या अल् खुवैरहून निघताना ताई असंच कुरकुरतात आणि वळणावर गाडी कलली की दोन्ही पायांनी मला घट्ट धरून ठेवतात. माणसाच्या बोलण्यावर जाऊ नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

जन्माने मी रंगाचा डबा. माझ्यातल्या पिवळट रंगाने एका ऑफिसच्या भिंती रंगल्या आणि मी कचऱ्यात निघाले. तिथे एसी दुरुस्तीला आलेल्या शांतारामनी, ताईंच्या नवऱ्याने, मला उचललं. गुहागरकडचा माणूस, चांगली वस्तू टाकवत नाही. त्यांनी मला घासलं, कडीला जुन्या पाइपचा तुकडा घातला आणि बाल्कनीत एसीच्या नळीखाली ठेवलं. टप, टप, टप. कितीतरी वर्षं मी ते पाणी झेललं. त्या पाण्याने ताई लादी पुसायच्या आणि म्हणायच्या, "या घरात फुकट काम करणाऱ्या आम्ही दोघीच."

मग तो दिवस आला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका अर्बाबची, म्हणजे इथल्या अरब मालकाची, खजुराची बाग होती. तिथला एसी नीट करायला शांताराम गेले होते, सोबत त्यांचे मित्र उस्मानभाई. उस्मानभाई रत्नागिरीकडचे. सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं गऱ्या-दोऱ्यांचं दुकान आहे. काम झालं. अर्बाब खूश झाला. त्याच्या टाकीत तिलापिया मासे पाळलेले होते. त्याने ते जिवंतच माझ्यात भरले आणि प्रेमाने हातात दिले. आता अर्बाबने दिलेलं परत कसं करणार? तेवढ्यात ताईंचा फोन आला. "येताना फुलं मिळाली तर बघा. आजपासून श्रावण लागलाय."

शांताराम रस्त्यातच थांबले.

"मला दे की!" उस्मानभाई म्हणाले. "माझा कुठे श्रावण आहे?"

"तुझ्या कढईत गेले तरी पाप माझ्याच नावावर. माझ्या हातात जिवंत आलेत ते."

"अरे बाबा, मग काय शाळेत घालणार त्यांना?"

शांतारामनी गाडी वादीकडे वळवली. वादी म्हणजे डोंगरातला ओढा. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये हिरव्या पाण्याच्या खोल कोंडी, म्हणजे डोह. खालच्या कोंडीवर त्यांनी मला हळूच तिरकं केलं, हात जोडले आणि म्हणाले, "जा बाबांनो. जगा."

पुण्य लागल्यासारखा चेहरा होता त्यांचा. मलाही फार बरं वाटलं होतं. मित्रांनो, आम्ही बालद्या जे भरतील ते वाहतो. काय भरायचं आणि कुठे ओतायचं, ते ओतणाऱ्या हाताने विचारून घ्यायला हवं. त्या दिवशी कुणीच कुणाला विचारलं नाही.

त्या कोंडीत आधीपासून एक लहानसा मासा राहत होता. तपकिरी, बोटाएवढा, तोंड खालच्या बाजूला. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि कुणी पाण्यात पाय सोडले तर पायाला गुदगुल्या करायच्या, एवढंच त्याचं काम. ताईंनी त्याचं नावच ठेवलं, गुदगुल्या. हा मासा इथल्या डोंगरांचा. पाहुणे मासे वाढले, गुदगुल्यांची अंडी खाऊ लागले, आणि चार-पाच वर्षांत ताईंनी पाण्यात पाय सोडले तर काहीच होईना. ताई पाय काढून घेत.

मग यशश्री मॅडम आल्या. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी रीतसर परवानगी आणली आणि गरवायला जाणारी माणसं गोळा केली. म्हणाल्या, "नुसती हौस म्हणून मासे पकडता ना? मग हे तिलापिया पकडा." सगळ्यात आधी हात वर केला तो शांतारामनी. तीन हिवाळे त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही. गरीला तिलापिया लागला की बर्फाच्या पेटीत. चुकून गुदगुल्या लागला तर ओल्या हाताने सोडवायचा आणि माझ्यात. कोंडींच्या मध्ये एक उंच धबधबा आहे. तो चढून पाहुणे वर गेले नव्हते. वरची तेवढी एकच कोंड राखलेली. खालून वाचवलेले गुदगुल्ये मी, शांतारामांच्या खांद्यावरून, वर पोचवले. आता तिथे पाय घातला की ताई पोरीसारख्या किंचाळतात.

आता खरं सांगते. तिलापिया खाली कसे आले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उस्मानभाईंनी आपल्या बायकोला, जमिलाभाभींना, सांगितलं, भाभींनी ताईंना, ताईंनी "कुणाला बोलू नका हं" म्हणत मॅडमना. पण शांतारामांचं मन कोण दुखावणार? नवीन माणसाने विचारलं की मॅडम पाण्याकडे बघत म्हणायच्या, "पुरात आले असतील." उस्मानभाई लगेच, "हां, पुरातच." पुराला तोंड नसतं, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपतं. शांताराम मात्र तेव्हा माझी कडी चाचपत राहायचे.

गेल्या शुक्रवारी तय्यबभाई पहिल्यांदाच आले. बौशरला गॅरेजमध्ये मेकॅनिक, रायगडकडचे, मनाने लोण्यासारखे. त्यांच्या गरीला मोठी मादी लागली. गरी सोडवून त्यांनी तिला माझ्यात टाकलं, आणि तिच्या तोंडातून भुरुभुरु पिल्लं बाहेर पडली. तिळाएवढी. माझ्या कडेने जरा फिरली, घाबरली, आणि आईने तोंड उघडताच पुन्हा आत शिरली. मित्रांनो, माझ्या अंगात त्यांची सळसळ झाली.

"या अल्ला," तय्यबभाई म्हणाले. "आई आहे ही. हिला बर्फात नाही टाकायची."

"टाकावी लागते, तय्यबभाई," मॅडम म्हणाल्या.

"मग मी वर नेऊन सोडतो. वर पाणी पण चांगलं आहे." आणि त्यांनी मला उचललंच. चार ढांगांत धबधब्याच्या दगडावर पाय.

"वर नको!" मॅडम धावल्या. "वर आपले मासे आहेत. तीन वर्षं लागली आम्हाला!"

"अहो, एका मादीने काय होतंय? आणि तुम्हीच सांगितलंत ना, खाली पुरात आले म्हणून? मग आज नाही तर उद्या पूर वर पण आणेलच. माझ्या हातून एक जीव वाचू दे की."

मॅडम पाण्याकडे बघू लागल्या. उस्मानभाई उगाच दोऱ्याची गाठ सोडवायला लागले. गाठ नव्हतीच. ताईंनी पदर सावरला आणि नवऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यांच्याकडेच बघितलं. तय्यबभाईंनी दुसरा पाय उचलला. माझ्यातलं पाणी डचमळलं. माझ्या कडेवरून मला वरच्या कोंडीची किनार दिसत होती, आणि उन्हात दगडांना चिकटलेले ते बोटाएवढे जीव. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

शांताराम पाण्यातून बाहेर आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. ते दगडापाशी गेले आणि माझ्या कडीवर, तय्यबभाईंच्या हाताशेजारी, त्यांनी आपला हात ठेवला. ओढलं नाही. नुसता ठेवला.

"पूरबिर काही नाही, तय्यबभाई," ते म्हणाले. "मला पण असंच वाटलं होतं, जीव वाचेल. या वादीत हे मासे मी सोडले. सहाच होते."