मागल्या दारची पायरी

"नुसती पाचर मारून हिची डुगडुग जायची नाही," बुटाची टाच पायरीवर दाबत हार्लन म्हणाला. "उचलून खाली खडी भरावी लागेल."

"मग उचल. पण आजच," लोविना म्हणाली. "उद्या आईला याच दारानं न्यायचंय. पुढचा जिना तिला उतरवत नाही."

उद्या थॅक्सली वंशजांचा मेळावा होता. जाबेझ थॅक्सली नावाचा इंग्रज १६३८ साली मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर उतरला, त्यानं जंगल तोडलं, चौदा पोरं जन्माला घातली, आणि तीनशे वर्षं उलटली तरी गावात माणसांच्या दोनच जाती होत्या: त्याच्या रक्ताची आणि बाकीची. मेळाव्यात सगळ्यांत वयस्क वंशजाला जाबेझच्या खुर्चीत बसवायचं आणि त्याची वंशावळ पिढीवार मोठ्यानं वाचायची, अशी रीत होती. लोविनाची आई, मेहिटेबल डनिंग, एक्याण्णव वर्षांची. अकरा वर्षं ती एका चुलतभावाच्या मरणाकडे डोळे लावून बसली होती. मार्चमध्ये तो एकदाचा गेला, तेव्हा म्हातारीनं ॲपल पाय दोनदा मागून खाल्ला.

वंशावळीची वही लोविनाकडे असे. अठ्ठावन्न वर्षांची, बिनलग्नाची, शाळेच्या कचेरीत कारकून. गावात तिला मान होता तो या वहीमुळे. एका कबरीच्या दगडावरून तिनं मागे एका अख्ख्या घराचं नाव वहीतून कापलं होतं. त्या घरचा म्हातारा रडला, तेव्हा "दगड खोटं बोलत नाही," एवढंच ती म्हणाली होती.

आणि हार्लन पीव्ही गवंडी. पस्तीस वर्षांपूर्वी त्यानं लोविनाला मागणी घातली होती. त्याची पणजी कुणाकडे तरी धुणीभांडी करायची. "मोलकरणीच्या घरात जाबेझचं रक्त जायचं नाही," असं म्हणून म्हातारीनं त्याला याच दारातून परत पाठवला. लोविनानं आईचं ऐकलं. पुढे हार्लननं दुसरीशी लग्न केलं, ती वारलीही. आता दोघांत बोलणं व्हायचं ते चुन्याचं, विटांचं, नाहीतर हवेचं.

त्यानं पहार घालून पायरी उलटी केली. खालच्या बाजूला, जुन्या कबरींच्या दगडांवर असते तशी, पंख फुटलेली कवटी कोरलेली होती आणि मातीनं बुजलेली अक्षरं. ओल्या गोणपाटानं पुसून त्यानं सावकाश वाचलं, "टॅबिथा. नेथन थॅक्सलीची मुलगी. मृत्यू १७१४. वय वर्षं तीन."

लोविना गवतावर खाली बसली. जाबेझच्या वंशातल्या नेथनची मुलगी टॅबिथा हिनं १७३२ मध्ये फॉस नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि तिथून आपलं घराणं वाढलं, असं ती जन्मभर वाचत आली होती. नेथनला दुसरी टॅबिथा नव्हती. चर्चमधली जन्मनोंद तिला तोंडपाठ होती.

"तुमची टॅबिथा ती हीच ना?" हार्लननं विचारलं.

"हीच."

"तीन वर्षांची मेली. मग फॉसशी लग्न केलं कुणी?"

"घरातल्या मोलकरणीनं," स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हातारी म्हणाली. ती मटार सोलत होती. "मालकाच्या मेलेल्या पोरीचं नाव लावून. दगड होता तसा पालथा घाल रे, हार्लन."

"तुला माहीत होतं?" लोविनानं विचारलं.

"माझ्या बापानं शेतावरच्या कबरींतून उचलून आणला तो. मी तेव्हा एकोणीसची. दुसरं टोक मीच धरलं होतं."

"आणि तरी तू हार्लनला... मोलकरणीचा म्हणून..."

"एक मोलकरीण लपवता लपवता जीव मेटाकुटीला आला होता माझा," म्हातारी म्हणाली. "दुसरी कुठं लपवणार होते?"

आणि तिनं पुढची शेंग सोलली.

हार्लननं खिडकीकडे पाहिलंच नाही. तो लोविनाकडे बघत होता. "तू सांग. पालथा घालू, की इथंच भिंतीला उभा करू?"

लोविनाला त्या क्षणी आईचा गळा दाबावासा वाटला. पण दगड उभा केला की आईची खुर्ची गेली, आपली वही गेली, आणि आपण कशापायी एकटे राहिलो याचं उत्तरही गेलं. तेवढं सोसायची तिच्यात ताकद नव्हती.

"पालथा घाल," ती म्हणाली.

त्यानं खडी भरली, दगड पालथा बसवला, पाणसळ लावून पाहिली. काम नेहमीसारखंच चोख केलं. मग हत्यारं पोत्यात भरता भरता म्हणाला, "मी कुठं बोलणार नाही. पण यापुढं काम निघालं तर दुसरा गवंडी बघ, लोविना."

दुसऱ्या दिवशी पायरी जरासुद्धा हलली नाही. चर्चपुढच्या हिरवळीवर तीनशे माणसं जमली. म्हातारी जाबेझच्या खुर्चीत ताठ बसली आणि लोविनानं वही उघडून वाचायला सुरुवात केली. जाबेझपासून आईपर्यंत अकरा पिढ्या वाचून झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हातारीनं काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं.

"टॅबिथाच्या नावाला आवाज पडला तुझा," ती लेकीला म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नसेल. परत वाच."

लोविनानं पान मागे उलटलं, घसा साफ केला आणि परत वाचलं. या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.