कनोसाचं ऊन

युरोपचा इतिहास शिकवायला सोलापुरातल्या त्या हायस्कुलात कुणीच तयार नसे. पोपांची नावं तीच ती, पुढचे आकडे तेवढे बदलतात, आणि रोम कुठल्या दिशेला आहे याचं पोरांना सोयरसुतक नाही. म्हणून हेडमास्तरांनी तो तास नव्या मास्तराच्या गळ्यात बांधला. नवा मास्तर म्हणजे मंद्रूपचा मायाप्पा, धनगराच्या घरातला पहिला बी. ए. त्याचा थोरला भाऊ हरिबा जन्मभर मेंढरांमागे रानोमाळ फिरला, तेव्हा कुठे हा शहरात राहून शिकला. शाळेच्या बोर्डिंगची देखरेखही मायाप्पाकडेच दिलेली होती, त्यामुळे त्याचं राहणं-जेवणं पोरांबरोबरच असे.

आणि जेवणापायीच सगळं बिनसलं.

बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं होती, पण महारवाड्यातून आलेल्या लिंबाजीचं ताट बाहेरच्या ओट्यावर मांडलं जाई. पोरगा हुशार होता, प्रश्न विचारून मास्तरांना हैराण करणारा. तो असा पाऊस-वारा अंगावर घेत जेवतो हे मायाप्पाला पाहवेना. दिवाळीनंतर एक दिवस त्यानं लिंबाजीला हाताला धरून आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि आचाऱ्याला "वाढा" म्हणून सांगितलं. आचारी जरा घुटमळला, पण त्यानं वाढलं. चार दिवसांत पोरांना त्यात काही नवल वाटेनासं झालं. मायाप्पाला वाटलं, झालं, एवढंच तर करायचं होतं. पगारी माणसाला असल्या भोळ्या समजुती परवडतात.

बातमी मंद्रूपला पोचायला वेळ लागला, पण पोचली. बिरोबाच्या देवळात पंच बसले आणि मायाप्पाचं घर वाळीत पडलं. मायाप्पाला शहरात त्याची काय झळ लागणार? ती लागली हरिबाला. शेजारून विस्तव मिळेना, पाणी मिळेना, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कातरणीला माणूस मिळेना. धनगराची कातरणी एकट्याची नसते. आज तुझी मेंढरं, उद्या माझी, अशी सगळ्यांनी मिळून लोकर उतरवायची असते. चैत्राचं ऊन चढत गेलं तशी गावातली बाकीची मेंढरं हलकी होऊन हुंदडायला लागली, आणि हरिबाची मेंढरं मात्र थंडीतली लोकर अंगावर घेऊन बाभळीच्या सावलीत धापा टाकत पडली. पुढं सगळे कळप मिळून भीमेकडे उतरणार होते. त्यातही हरिबाला जागा नव्हती, आणि एकट्या कळपाला लांडगे जगू देत नाहीत.

हरिबा एकदा बोर्डिंगवर आला. आत येईना, फाटकाशीच उकिडवा बसला.

"नोकरी सोडून गावाला ये म्हनत्यात पंच," तो म्हणाला. "मग घ्यायचं बगू म्हनत्यात."

"आणि नाही सोडली तर?"

"दोन कोकरं गेली रं उन्हानं." हरिबा जमिनीवर रेघा ओढत राहिला. "तू वाईट केलंस आसं मी म्हनत न्हाय. पन त्या मुक्या जित्राबानं काय केलंय?"

मायाप्पापुढं दोनच वाटा होत्या. नोकरी सोडली तर हरिबानं आयुष्यभर केलेलं मातीत जाणार, आणि नाही सोडली तर मेंढरं मातीत जाणार. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी शाळेत गेला तर नेमका धडा निघाला तो जर्मनीचा राजा हेन्री आणि रोमचा पोप ग्रेगरी यांच्या भांडणाचा.

बिशप कुणी नेमायचे, राजानं की पोपनं, यावरून दोघांचं जुंपलं आणि पोपनं राजाला धर्मबाह्य केलं, असं पुस्तकात होतं. पोरांची तोंडं कोरी. मायाप्पानं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"वाळीत टाकलं रे," तो म्हणाला. "साक्षात राजाला वाळीत टाकलं. त्याच्याशी कुणी संबंध ठेवायचा नाही, त्याचा हुकूम कुणी मानायचा नाही. कालपर्यंत मुजरे करणारे सरदार आज त्याच्या सावलीला उभे राहीनात."

मग मायाप्पा थांबलाच नाही. भर थंडीत डोंगर ओलांडून राजा माफी मागायला कनोसाच्या किल्ल्यापाशी कसा आला, आत पोप उबेला बसलेला असताना बाहेर बर्फात हा अनवाणी, अंगावर जाडंभरडं लोकरीचं वस्त्र, असा तीन दिवस कसा उभा राहिला, आणि मग कुठे दार उघडलं, हे त्यानं इतकं रंगवलं की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. पोरांना चीड यावी एवढीच त्याची इच्छा होती. खरं म्हणजे चीड त्याची स्वतःची होती, आणि ती काढायला दुसरी जागा नव्हती.

घंटा झाली. पुढं हेन्रीनं फौज जमवली, रोम घेतलं, आणि पोप परक्या गावात मेला, हा भाग पुढच्या तासाला राहिला. तिथंच मास्तरानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण त्याच वर्गात रावजी बसत असे. रावजी मंद्रूपच्या मुख्य पंचाचा, ज्ञानबाचा मुलगा. पोरगं मनानं निर्मळ. सुट्टीला घरी गेलं आणि आपल्या गुरुजींनी काय झकास गोष्ट सांगितली म्हणून बापाला सगळी ऐकवली, तीही जिथं घंटा झाली तिथपर्यंतच.

दोन दिवसांत मायाप्पाला देवळात बोलावणं आलं.

ज्ञानबा वाईट माणूस नव्हता. मायाप्पा लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडवलेला माणूस. त्यानं पंचांच्या देखत मास्तराचं कौतुकच सुरू केलं.

"रावजीनं सांगितली तुमची गोष्ट. लई ग्वाड सांगता की मास्तर. आमाला वाटायचं, वाळीत टाकायचं खूळ आमचंच हाय, शिकलेली मानसं हसत्यात आमाला. पन तितं गोऱ्या लोकांत राजाला बी सोडत न्हाईत. व्हय का न्हाय?"

"व्हय," मायाप्पा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? शिकवलं त्यानंच होतं.

"आनि राजानं मान तुकवली म्हून ल्हान झाला का त्यो? न्हाय. राजाच ऱ्हायला. मंग आमी बी तसंच ठरीवलंय. दंड नगं, गावजेवान नगं, नोकरी बी सोडू नगा. घोंगडं घिऊन अनवानी तीन दिस देवळाम्होरं हुबं ऱ्हा. आनि फुडं त्या पोराच्या पंगतीला बसायचं न्हाय. बास. राजाला जमलं, ते तुमाला का जमू नये?"

पंचांनी माना डोलावल्या. शिक्षा इतकी सौम्य झाली की हरिबाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मायाप्पानं तोंड उघडलं होतं. गोष्ट तिथं संपत नाही, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पाठीमागं हरिबा हात जोडून उभा होता, आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मायाप्पानं तोंड मिटलं.

शाळेत त्यानं घरी आजारपण असल्याचं कळवलं आणि देवळासमोर उभा राहिला. हेन्रीच्या पायाखाली निदान बर्फ होतं. मायाप्पाला त्या राजाचा हेवा वाटला. फरशी तव्यासारखी तापत होती, घोंगडीची लोकर मानेला टोचत होती, आणि येणारी-जाणारी माणसं मोठ्या आस्थेनं "बरं केलंत मास्तर" म्हणून पुढं जात होती. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण पहिल्याच दुपारी हरिबाच्या मेंढरांच्या वाड्याकडून कात्र्यांचा आवाज यायला लागला. सगळी आळी कातरणीला उतरली होती. लोकर उतरलेलं एकेक मेंढरू आधी बावरल्यासारखं उभं राही आणि मग उड्या मारत पाण्याकडे पळे. मायाप्पाला आनंद झाला. अगदी मनापासून झाला, आणि त्या आनंदाचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ज्ञानबानं स्वतःच्या हातानं त्याला पाणी पाजलं आणि पोटाशी धरलं.

तो परत वर्गात आला तेव्हा तळपाय फोडांनी भरले होते. तो खुर्चीत बसूनच शिकवायला लागला. लिंबाजी उभा राहिला.

"गुरुजी, त्या राजाचं पुढं काय झालं? त्या दिवशी घंटा झाली."

रावजी पुढच्याच बाकावर हनुवटी हातावर टेकून बसला होता. इथं बोललेलं पुढच्या सुट्टीत मंद्रूपला पोचणार होतं, आणि कळप अजून भीमेकडे निघायचे होते. मायाप्पानं पुस्तकाकडे पाहिलं. रोमचा वेढा उजव्या पानावर होता.

"पुढं काही नाही," तो म्हणाला. "त्याला परत घेतलं, आणि सगळं सुरळीत झालं. पुढचा धडा काढा."

लिंबाजीच्या हातातही तेच पुस्तक होतं. त्यानं एकदा पानाकडे पाहिलं, एकदा गुरुजींच्या पायांकडे, आणि "बरं" म्हणून खाली बसला.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीकडे जाताना मायाप्पाचे पाय अडखळत होते. आज त्या पोराला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, याची तो दुपारपासून जुळवाजुळव करत होता. एकही वाक्य धड जमलं नव्हतं. दारात आला आणि थबकला. पंगत बसली होती, त्याचं ताट नेहमीच्या जागी होतं, आणि शेजारची जागा रिकामी होती.

लिंबाजी बाहेर ओट्यावर बसला होता. ताट-तांब्या त्यानं आधीच तिकडे नेला होता.

"लिंबाजी," मायाप्पानं हाक मारली.

"तुमी बसा की गुरुजी," लिंबाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता. "रावजीनं सांगितलंय मला मेंढरांचं. मला हितं सवय हाय."

आचारी भाकरी घेऊन उभा होता. पोरं वाट बघत होती. मायाप्पा आत जाऊन आपल्या जागेवर बसला, आणि आचाऱ्यानं वाढायला सुरुवात केली.