मी टापांतून आलो

मी 'रँडम' बोलतोय. इंग्रजांच्या तोंडातला एक शब्द. हाडामांसाचा नाही, तरी हल्ली माझा जीव गुदमरतो.

माझा जन्म जुन्या फ्रान्सात, घोड्यांच्या टापांत झाला. तेव्हा माझा अर्थ होता बेभान, भरधाव दौड. मग मी इंग्लंडात आलो. पुढे नेम न धरता झाडलेल्या गोळीला लोक माझं नाव देऊ लागले, आणि हळूहळू कारण न सापडणाऱ्या सगळ्यालाच. माणसांना कारण नकोसं झालं की ती मला बोलावतात.

यॉर्कशरच्या एका माळावर शर्यतीच्या घोड्यांचा तबेला आहे. तिथे एडविन आणि सेथ हे भाऊ घोडे फिरवायचे. खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो; नंतर पोट बसलं की तंग सैल पडतो. म्हणून माळावर पोचल्यावर तंग पुन्हा आवळायचा, आणि तोही जोडीदाराने, अशी तिथली रीत.

मार्चमधल्या त्या सकाळी एडविन म्हणाला, "सेथ, माझा तंग बघ रे."

"म्हातारा झालास का? चल, टेकडीपर्यंत. हरलास तर आज माझ्या घोड्याची लीद तू काढायची."

"आधी तंग बघ, गाढवा."

सेथने हसत टाच मारली. मग एडविनही थांबला नाही. अर्ध्या वाटेत खोगीर फिरलं आणि तो टापांखाली गेला.

हवालदाराने सेथच्या जबानीत मला लिहिलं. सेथला जेमतेम वाचता येतं. त्याने माझ्यावर बोट ठेवलं. "मिस्टर गार्बट, हे काय?"

"घोडा कारण नसताना उधळला, असं आहे," तबेल्याचे मुकादम म्हणाले. "सही कर."

"तंग मी बघितला नव्हता."

"ठाऊक आहे मला. तुझ्या आईचा एक गेलाय, पोरा. दुसरा तरी राहू दे तिला."

सेथने सही केली.

आता त्याची आई मला रोज उच्चारते. "कुणाच्या हातात नव्हतं रे ते, सेथ. रँडम होतं." चहा पुढे सरकवते. एडविनची खुर्ची रिकामी असते. सेथ कपाला हात लावत नाही, मान वर करत नाही.

सेथ, मी दौडीचा शब्द आहे. तुझ्या घरात मला असं बसवून ठेवू नकोस. एकदा तिच्याकडे बघ आणि सांग, तंग सैल होता.